इंजिन मोठे की चाक? पूर्णा जंक्शनपासून जीपपर्यंत ड्राइव्हट्रेनच्या निवडीचा इतिहास

१/ जुन्या गाडीत ताकदवान इंजिन बसवावे असे मनात आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती हॉर्सपॉवर? वाहनांचा इतिहास मात्र त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला शिकवतो. ही ताकद चाकापर्यंत नेणार कोण, आणि वाटेत ती सोसणार कोण? क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, क्राऊन-पिनियन, ॲक्सल शाफ्ट आणि शेवटी टायर, या सगळ्यांना मिळून ड्राइव्हट्रेन म्हणतात. आजचा धागा तिच्या निवडीविषयी. सुरुवात आपल्या परभणी जिल्ह्यातूनच करू.

२/ निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबाद आणि मनमाड जोडणारा मीटरगेज लोहमार्ग झाला. पुढे पूर्णा येथून हिंगोलीकडे फाटा फुटला आणि पूर्णेचे जंक्शन झाले. वाफेच्या इंजिनांची शेड, कोळसा, पाणी आणि रेल्वे कामगारांच्या वसाहती यांवर हे गाव वाढले.

३/ स्वातंत्र्यानंतर भारतीय रेल्वेने मीटरगेजसाठी दोन प्रमुख प्रमाणित इंजिने वापरली. प्रवासी गाड्यांसाठी ‘वायपी’ आणि मालगाड्यांसाठी ‘वायजी’. दोन्हींच्या बॉयलरमधील वाफेचा दाब सारखाच, चौरस इंचाला २१० पौंड. फरक ठळकपणे दिसे तो चाकांत. वायपीची ओढणारी चाके सहा, व्यास ४ फूट ६ इंच. वायजीची ओढणारी चाके आठ, व्यास ४ फूट.

४/ हा सहा इंचांचा फरक कशासाठी? वाफेच्या इंजिनाला गिअरबॉक्स नसतो. दट्ट्याचा दांडा थेट चाकाला जोडलेला असल्यामुळे चाकाचा व्यास हाच त्या इंजिनाचा गिअर. मोठे चाक एका फेऱ्यात सुमारे ४.३१ मीटर पुढे जाते, लहान चाक ३.८३ मीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाला मोठ्या चाकाचे मिनिटाला २३२ फेरे होतात, लहान चाकाचे २६१. दट्ट्याची धावपळ कमी, म्हणून प्रवासी गाडीला मोठे चाक.

५/ उलट दट्ट्याचा जोर तेवढाच धरला, तर लहान चाकाच्या कडेला मिळणारी ओढ साडेबारा टक्क्यांनी अधिक. मालगाडी जागेवरून हलवायला हीच ओढ लागते. सारांश असा की वेग वाढवला तर ओढ घटते, ओढ वाढवली तर वेग घटतो. बॉयलर कितीही उत्तम असला तरी हा हिशेब चुकत नाही.

६/ आता आठ चाकांचे कारण. मीटरगेजचे रूळ हलके, त्यामुळे एका ॲक्सलवर साधारण दहा टनांपर्यंतच भार टाकता येई. तीन ॲक्सलवर तीस टन, चार ॲक्सलवर चाळीस. ओढणाऱ्या चाकांवर भार जितका अधिक, तितकी रुळावरची पकड अधिक. पकडच नसेल तर वाढलेली ओढ चाक जागच्या जागी फिरवण्यातच वाया जाते. म्हणून अभियंत्यांनी व्यास कमी केला तेव्हा ॲक्सलही वाढवला. ओढ आणि पकड यांचा विचार त्यांनी एकत्र केला, हे ध्यानात ठेवू. पुढे उपयोगी पडेल.

७/ मोटारीला गिअरबॉक्स मिळाला आणि ही एकाच गुणोत्तराची अडचण सुटली. चढाला एक गुणोत्तर, सपाटीला दुसरे. पण या सोयीबरोबर इंजिन आणि चाक यांच्यामध्ये अनेक भाग आले, आणि प्रत्येकाची सोसण्याची हद्द वेगळी. हे भाग जुळवण्याचा एक गाजलेला प्रयोग १९४० मध्ये अमेरिकेत झाला. त्या प्रयोगाची संतती पुढे मुंबईमार्गे मराठवाड्याच्या रस्त्यांवर आली. ती म्हणजे जीप.

८/ दुसरे महायुद्ध सुरू होते. अमेरिकी लष्कराला चारही चाकांनी ओढणारी हलकी गाडी हवी होती आणि मुदत होती अवघ्या ४९ दिवसांची. अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने ती पाळली आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या हवाली केली. नवा ॲक्सल घडवायला वेळच नव्हता. म्हणून स्टुडबेकर चॅम्पियन या प्रवासी मोटारीचा, स्पायसर कंपनीने बनवलेला ॲक्सल घेऊन त्यात फेरफार केले. तयार भागांतून जुळणी करणे, ही हौशी मंडळींची आजची रीत जीपच्या जन्माइतकी जुनी आहे.

९/ बँटमच्या गाडीचे इंजिन सुमारे ४५ हॉर्सपॉवरचे होते. स्पर्धेतल्या विलिसचे इंजिन ६० हॉर्सपॉवरचे, पण वजनदार. लष्कराची वजनमर्यादा पुढे २,१६० पौंड म्हणजे सुमारे ९८० किलो ठरली आणि विलिसची गाडी तिच्या बाहेर गेली. मुख्य अभियंता बार्नी रूस यांनी इंजिन सोडले नाही. त्यांनी गाडीचे बाकीचे वजन उतरवायला घेतले. लांब बोल्ट आखूड केले, रंगाच्या थराचेही वजन मोजले. ताकद वाढवण्याचा एक मार्ग वजन घटवण्याचा असतो, आणि त्यात ड्राइव्हट्रेनवरचा ताणही घटतो.

१०/ सर्वांत अवघड होते पुढचे चाक. त्याला वळायचेही होते आणि ओढायचेही. साध्या क्रॉस-जॉइंटमध्ये कोन वाढला की पलीकडच्या शाफ्टचा वेग एका फेऱ्यातच कमी-जास्त होतो आणि स्टिअरिंगला हिसके बसतात. त्यासाठी वेग सम राखणारे जॉइंट लागतात. आल्फ्रेड झेप्पा यांचा गोळ्यांचा जॉइंट तसा होता, पण युद्धाची मागणी एका प्रकारावर भागेना. म्हणून बेंडिक्स आणि ट्रॅक्टा पद्धतीचे जॉइंटही जीपला बसवले गेले. उत्तम भाग आणि मिळण्याजोगा भाग यांतली निवड तेव्हाही टळली नव्हती.

११/ या कथेचा गाभा युद्धानंतरचा आहे. १९४५ मध्ये विलिसने शेतकऱ्यांसाठी ‘सीजे-टूए’ ही जीप आणली. मूळ इंजिन तेच ठेवले, बदलला तो इंजिनामागचा सरंजाम. टी-८४ गिअरबॉक्सच्या जागी अधिक दणकट टी-९० आला. क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर ४.८८ वरून ५.३८ झाले. ट्रान्सफर केसमधला ‘लो’ गिअर १.९७ वरून सुमारे २.४ वर गेला. रणांगणावर धावणारी गाडी नांगर ओढू लागली.

१२/ १९४७ मध्ये मुंबईत महिंद्र बंधूंच्या कंपनीने विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे ‘सीजे-थ्रीबी’ हे उंच बॉनेटचे रूप भारतात दीर्घकाळ बनत राहिले. तिचा हिशेब पाहा. पहिला गिअर २.८०, लो २.४६, क्राऊन-पिनियन ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७. म्हणजे इंजिनाचा पीळ चाकाशी सुमारे ३७ पट होतो आणि वेग तितकाच घटतो. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असता जीप ताशी पावणेचार किलोमीटर चालते. माणसाच्या पायी चालीपेक्षाही थोडी हळू.

१३/ जिंतूरकडचे डोंगर असोत की गोदाकाठची काळी माती, त्या गुणोत्तराचे मोल तिथे कळते. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटते, पकड जाते. साधा डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो. त्यामुळे एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा पीळ मिळतो. इंजिन गर्जते, गाडी हलत नाही. वायजीला आठ चाके देणाऱ्यांनी सोडवलेला प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो: पकडीविना ओढ निरर्थक.

१४/ आता रस्त्यावरच्या वेगवान मोटारीकडे येऊ. समजा, मागच्या चाकांनी ओढणाऱ्या जुन्या गाडीत २५० न्यूटन-मीटर पिळाचे इंजिन बसवले. पहिला गिअर ३.५, क्राऊन-पिनियन ४. मागच्या चाकांकडे जाणारा पीळ ३,५०० न्यूटन-मीटर. पण मागच्या ॲक्सलवर ६०० किलो भार, पकडीचा गुणांक ०.९ आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर असेल, तर टायर सुमारे १,५९० न्यूटन-मीटरच जमिनीला देऊ शकतो. त्यापुढे चाक घसरते.

१५/ या घसरण्याचा आपण राग धरतो. ॲक्सल शाफ्टला मात्र तेच वाचवत असते. हौशी माणूस पुढची पायरी म्हणून अधिक पकडीचे टायर आणतो. गुणांक १.२ झाला की तोच आकडा २,१०० च्या वर जातो. इंजिनाला हातही न लावता शाफ्टवरचा ताण एक तृतीयांशाने वाढला. त्यात क्लच झटक्यात सोडला, तर फिरत्या फ्लायव्हीलचा धक्का वेगळाच. ‘टायर बदलले आणि ॲक्सल तुटला’ या तक्रारीमागे बहुधा हेच गणित असते.

१६/ ॲक्सल तुटणे म्हणजे केवळ खर्च नव्हे. युद्धकाळातील जीपचा मागचा ॲक्सल ‘फुल फ्लोटिंग’ होता: गाडीचा भार हाऊसिंगवर, शाफ्टचे काम फक्त पीळ देण्याचे. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. बहुतेक प्रवासी मोटारींत ‘सेमी फ्लोटिंग’ ॲक्सल असतो, म्हणजे शाफ्ट भारही पेलतो. तो तुटला तर चाकच निखळू शकते. ताशी शंभरच्या वेगाला, भरल्या महामार्गावर, याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. तो धोका समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्यालाही असतो. त्याने तर इंजिनाची निवड केलेली नसते.

१७/ गुणोत्तराची निवडही हौसेने करू नये. टायरचा घेर १.९ मीटर, वरचा गिअर १ आणि इंजिनाची मर्यादा ६,००० फेरे धरली, तर ४.१ च्या क्राऊन-पिनियनवर वेगाची कमाल ताशी सुमारे १६७ किलोमीटर येते आणि ३.५ वर १९५. पण ३.५ घेताच प्रत्येक गिअरमधली ओढ सुमारे १५ टक्क्यांनी घटते. परभणी–गंगाखेड रस्त्यावर १९५ चा वेग कधीच वापरायचा नसेल, तर त्यासाठी रोजची ओढ का गमवावी? वायपी घ्यायची की वायजी, हाच प्रश्न पुन्हा.

१८/ म्हणून इतिहासाने शिकवलेला क्रम इंजिनापासून सुरू होत नाही. आधी काम आणि रस्ता ठरवावा. मग वजन. मग टायर, कारण ताणाची कमाल मर्यादा तो ठरवतो. त्या मर्यादेला पुरणारा ॲक्सल आणि क्राऊन-पिनियन. त्याला साजेसा प्रोपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्स. क्लच इंजिनाच्या पिळाहून थोडा वरचढ, पण अवाच्या सवा नको; धक्का बसला की मागच्या भागांआधी त्याने घसरावे. ब्रेक वाढत्या वेगाच्या बरोबरीचे. या सगळ्यांना झेपेल एवढेच इंजिन, आणि तेही शेवटी. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ते असे.

१९/ कायद्याचीही एक तारीख लक्षात असावी. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केरळमधून आलेल्या प्रकरणात, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. पुढे त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. एमएच-२२ ची पाटी असलेल्या गाडीलाही हे लागू आहे. मूळ भाग नीट राखणे, वजन घटवणे आणि चांगले टायर-ब्रेक हा शहाणपणाचा मार्ग त्यामुळे अधिकच शहाणपणाचा ठरतो.

२०/ १९९० च्या दशकात मनमाड–परभणी–नांदेड मार्ग ब्रॉडगेज झाला, मीटरगेज गेले आणि पूर्णेच्या वाफेच्या शेडचे वैभवही त्यासोबत सरले. चार फुटी आणि साडेचार फुटी चाके आता आठवणीतच फिरतात. मराठीत म्हण आहे, ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’. नळा म्हणजे बैलगाडीला टांगलेले वंगणाचे भांडे. म्हणीत तो फुकटचा यात्रेकरू आहे. पण कोरड्या आसावर गाडा यात्रेला पोहोचत नाही, हे गाडीवानाला ठाऊक होते; म्हणून तर नळा सोबत घेतलेला असे. इंजिनाच्या नावाने गाडी ओळखली जाते. तिला घरी परत आणतात ते मागचे, न दिसणारे भाग. धागा समाप्त.