प्राध्यापकांच्या पेन्शनीतून निघालेली वाट

अमेरिकी हवाई दलात विमानाची इंजिनं खोलायला शिकलेल्या मेकॅनिकला त्या प्रशिक्षणाचे क्रेडिट मिळतात आणि उरलेले विषय पुरे करून तो पदवीधर होऊ शकतो. या सोयीचं श्रेय सहसा दुसऱ्या महायुद्धाला दिलं जातं. 1944 चा जी. आय. कायदा, परतलेले सैनिक, ओसंडून वाहणारी कॉलेजं. पण ज्या मापाने हे शिक्षण मोजलं जातं, ते रुजलं त्याच्या कितीतरी आधी, आणि तेही म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या पोटापाण्याच्या चिंतेतून.

पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी 1890 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त झाले आणि प्राध्यापकांचे तुटपुंजे पगार पाहून चाट पडले. 1905 मध्ये त्यांनी प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी 1 कोटी डॉलर काढून ठेवले. आता पैसे वाटायचे तर कॉलेज कशाला म्हणायचं हे आधी ठरवणं आलं, कारण त्या काळी हायस्कूलच्या तोडीच्या संस्थाही बिनदिक्कत कॉलेजची पाटी लावत. या पैशांचा कारभार पाहणाऱ्या कार्नेगी प्रतिष्ठानचे अध्यक्ष हेन्री प्रिचेट यांनी अटी घातल्या : किमान सहा पूर्णवेळ प्राध्यापक, चार वर्षांचा अभ्यासक्रम, कुठल्याही चर्चची सत्ता नको, आणि प्रवेशासाठी हायस्कूलची 14 युनिटं. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले सुमारे 120 तास. पेन्शनसाठी पगारातून कपात नव्हती. कॉलेजं मुकाट्याने तास मोजू लागली. काहींनी तर त्यापायी चर्चशी असलेलं जुनं नातंही तोडलं.

इथे जाणकार हरकत घेतात. युनिटची कल्पना कार्नेगींची नव्हेच; 1899 मध्ये शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या एका समितीने तसं माप सुचवलं होतं, आणि हार्वर्डचे चार्ल्स एलियट त्याच्याही आधीपासून ऐच्छिक, म्हणजे सुटे मोजून जोडायच्या विषयांचा आग्रह धरून होते. हे खरंच आहे. पण समितीची शिफारस मानायची की नाही हे कॉलेजच्या मर्जीवर होतं, पेन्शन नाकारणं मात्र परवडणारं नव्हतं. 1901 मध्ये जोलिएट इथे सुरू झालेल्या ज्युनिअर कॉलेजलाही या वाटेचं मूळ मानतात. तो दावा आणखी लंगडा आहे. तिथली दोन वर्षं म्हणजे विद्यापीठाचीच पहिली दोन वर्षं होती. लेथवर उभ्या राहणाऱ्याचा तिथे सुरुवातीला संबंध नव्हता.

खरी चावी 1910 ची. प्रतिष्ठानने विद्यापीठांची कार्यक्षमता तपासायला नेमला तो शिक्षणतज्ज्ञ नव्हता. मॉरिस कुक हा मेकॅनिकल इंजिनिअर, कारखान्यात घड्याळ घेऊन कामगारांच्या हालचाली मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलरचा चेला. त्याने हिशेबासाठी ‘विद्यार्थी-तास’ धरला : व्याख्यानाचा असो की प्रयोगशाळेचा, तास तो तासच. हातांनी शिकलेलं आणि पुस्तकातून शिकलेलं एकाच वहीत मांडता येतं, याची बीजं इथेच पडली असणार.

उगवायला मात्र वेळ लागला. 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवसायशिक्षणाची चूलच वेगळी मांडली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्यांना काही कॉलेजांनी सरसकट क्रेडिट वाटले आणि नंतर टीका ओढवून घेतली. म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने लष्करी अभ्यासक्रम एकेक करून तपासले. 1972 मध्ये हवाई दलाने स्वतःचं कम्युनिटी कॉलेजच काढलं.

भारताने हा तासांचा हिशेब व्यवसायशिक्षणासकट स्वीकारला तो 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात : 30 तासांना एक क्रेडिट, वर्षाला 1200 तास, 40 क्रेडिट. यात स्वाध्याय आणि प्रात्यक्षिकाचे तासही धरतात. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या डिप्लोमावाल्यांची ‘डायरेक्ट सेकंड इयर’ची वाट याहून जुनी, आणि तिथला खाक्या सरसकट माफीचा : तास न मोजता पदवीचं पहिलं वर्ष अख्खं माफ. वर्कशॉप आणि ड्रॉइंगमध्ये त्यामुळे काही बिघडत नाही, ते हातात मुरलेलं असतं. पण पहिल्या वर्षाचं गणित, एम-वन आणि एम-टू, तेही त्याच माफीत निघून जातं, आणि ही मुलं दुसऱ्या वर्षाला येऊन थेट एम-थ्रीच्या पेपरला बसतात.