सातत्यदोषांचे कथांतर्गत स्पष्टीकरण (विज्ञानपट)

चित्रपटात किंवा मालिकेत आधी दाखवलेले आणि नंतर दाखवलेले जुळत नसेल, तर त्याचे कारण स्टुडिओत न शोधता कथेतल्या जगातच शोधण्याची रीत. मूळ दोष तुटपुंज्या बजेटचा, मेकअपचा, बदललेल्या नटाचा किंवा लेखकाच्या विस्मृतीचा असतो. स्पष्टीकरणात मात्र विषाणू, कृष्णविवर किंवा कालप्रवास येतो. जुन्या कथेला असा मागाहून जोडलेला इतिहास चाहत्यांत ‘रेटकॉन’ म्हणून ओळखला जातो. एका शॉटमध्ये अर्धा आणि पुढच्यात भरलेला पेला सहसा यात मोडत नाही. तो स्क्रिप्ट सुपरवायझरचा प्रश्न, त्यासाठी कोणी आकाशगंगेचा इतिहास बदलत नाही.

ही हौस विज्ञानकथेआधीची आहे. डॉ. वॉटसनची युद्धातली जखम १८८७च्या कादंबरीत खांद्याला, तर १८९०च्या कादंबरीत पायाला आहे. त्यावर शेरलॉकभक्तांनी गंभीर चेहऱ्याने निबंध लिहिले. पुराणांतल्या परस्परविरोधी कथा आपल्याकडे कल्पभेदाने मिटवल्या जात, ही घटना या कल्पातली आणि ती त्या. ‘समांतर कालरेषा’ म्हणजे फार वेगळे काही नाही. अमेरिकेत मार्व्हल कॉमिक्सने तर चूक दाखवून ती चूक कशी नव्हेच हे पटवून देणाऱ्या वाचकाला ‘नो-प्राइझ’ द्यायला सुरुवात केली: आत काहीही नसलेले पाकीट. विज्ञानकथेच्या हाताशी यासाठी हत्यारेच जास्त. कौटुंबिक मालिकेत नायिकेचा चेहरा बदलला, तर प्लास्टिक सर्जरीवर भागवावे लागते.

सर्वांत गाजलेले उदाहरण ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन या परग्रहवासीयांच्या कपाळाचे. १९६७ साली ‘एरंड ऑफ मर्सी’ या भागात ते प्रथम दिसले तेव्हा काशाच्या रंगाचा मेकअप, वर ताणलेल्या भुवया आणि दाढीमिशा एवढ्यावर काम भागले होते. कपाळ माणसासारखेच सपाट. १९७९च्या चित्रपटाकडे पैसा होता, आणि क्लिंगॉनांच्या कपाळावर हाडांचे उंच कंगोरे आले. पुढे तेच कायम झाले. कथेत याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. १९९४ साली ‘डीप स्पेस नाइन’ या याच विश्वातल्या मालिकेत कोर, कोलोथ आणि कँग ही तीन जुनी पात्रे परत आली, जॉन कोलिकोस, विल्यम कॅम्पबेल आणि मायकेल अन्सारा हे मूळ नटच त्या भूमिकांत होते, पण आता त्यांनाही कंगोरे होते. क्लिंगॉन पहिल्यापासून असेच होते, फक्त आपल्याला नीट दिसले नव्हते, असे मानून हा वाद तिथेच संपला असता.

तो संपू दिला नाही, तो १९९६च्या ‘ट्रायल्स अँड ट्रिबल-एशन्स’ने. ‘डीप स्पेस नाइन’च्या या भागात त्या मालिकेतली मंडळी कालप्रवास करून १९६७च्याच एका भागात शिरतात. जुन्या फितीत नवे नट संगणकाने बेमालूम मिसळले आहेत. बारमध्ये बसलेल्यांना सपाट कपाळाचे क्लिंगॉन दिसतात आणि सगळ्यांच्या नजरा शेजारच्या वॉर्फ या त्यांच्या क्लिंगॉन सहकाऱ्याच्या कंगोऱ्यांवर खिळतात. एक जण विचारतो, जनुकीय फेरफार? दुसरा विचारतो, विषाणू? वॉर्फ एवढेच सुचवतो की गोष्ट लांबलचक आहे आणि बाहेरच्यांशी आम्ही त्यावर बोलत नाही. दोष मान्य, स्पष्टीकरण नाही, आणि वॉर्फचा ताठा मात्र पुरेपूर. प्रस्तुत लेखकाच्या मते याहून चांगले उत्तर या विश्वाला सापडले नाही.

२००५ साली ‘एंटरप्राइझ’ मालिकेने दोन भाग खर्चून ते तरीही शोधले. बाविसाव्या शतकात क्लिंगॉन शास्त्रज्ञ मानवी ‘ऑगमेंट’ (म्हणजे जनुकीय फेरफाराने सुधारलेल्या) भ्रूणांची जनुके वापरून महायोद्धे घडवू पाहतात. प्रयोग फसतो आणि साथ पसरते. यानावरचा वैद्य डॉ. फ्लॉक्स याच्या उपचाराने जीव वाचतात, कंगोरे जातात. म्हणजे बारमधले दोन्ही तर्क खरे ठरले. शेवटी एक क्लिंगॉन वैद्य आता कवटीच्या शस्त्रक्रियांना मागणी येईल म्हणतो, आणि कोरचे १९९४चे कपाळही जाता जाता बसवून दिले जाते. बांधणी चोख आहे. पण ‘डिस्कव्हरी’त (२०१७) क्लिंगॉन केसांविना आले, २०१९मध्ये त्यांचे केस परत वाढले, मग ते युद्धकाळात मुंडन करीत, असे सांगणे आले.

‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) तस्कर यानचालक हान सोलो केसेलची फेरी बारा पार्सेकपेक्षा कमीत मारल्याची बढाई मारतो. पार्सेक हे अंतराचे माप आहे, सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे, वेळेचे नव्हे. प्रकाशित पटकथेतली सूचना पाहिली, तर ती सोलोची थाप आहे आणि समोर बसलेल्या बेन या प्रवाशाला ती कळते. तरीही पुढच्या लेखकांनी कृष्णविवरांजवळचा धोकादायक आखूड रस्ता कल्पिला, आणि २०१८च्या ‘सोलो’ चित्रपटाने जवळचा धोकादायक रस्ता पडद्यावर आणला. थापाड्याला खरे ठरवून एक बरा विनोद वाया घालवला. याच १९७७च्या चित्रपटात एका सैनिकाचे शिरस्त्राण दाराच्या चौकटीवर आपटते. २००२च्या चित्रपटात जँगो फेट, म्हणजे ज्याच्यापासून क्लोन सैन्य बनले तो, आपल्या यानाच्या दारावर डोके आपटून घेतो, म्हणजे ही खोड जणू वारशाने आलेली. २००४च्या डीव्हीडीत मूळ दृश्याला ‘ठक्’ असा आवाजही जोडला गेला.

ब्रिटिश मालिका ‘डॉक्टर हू’ने नट बदलण्याची अडचण १९६६ सालीच नायक डॉक्टरचे ‘पुनर्जनन’, म्हणजे नव्या शरीरात रूपांतर, कल्पून सोडवली. बारा पुनर्जननांची मर्यादा १९७६मध्ये घातली गेली. ती संपत आली तेव्हा, २०१३मध्ये, डॉक्टरला नवा संच बहाल झाला. पीटर कपाल्डी आधी २००८च्या एका भागात पाँपेईचा रहिवासी म्हणून दिसला होता, नंतर तोच डॉक्टर झाला. २०१५मध्ये कारण दिले गेले: पाँपेईत वाचवलेल्या त्या माणसाचा चेहरा डॉक्टरने नकळत घेतला, आपण माणसे वाचवतो याची स्वतःला आठवण राहावी म्हणून. इथे स्पष्टीकरणाने भोक बुजवलेच, शिवाय पात्राला काही दिले. युनिट या लष्करी तुकडीच्या कथा १९७०च्या दशकातल्या की १९८०च्या, हा घोळ मात्र कोणी सोडवलेला नाही. १९७५मधल्या कथेत डॉक्टरची सहप्रवासी सारा जेन आपण १९८०मधून आल्याचे सांगते, तर १९८३च्या कथेनुसार युनिटचा प्रमुख ब्रिगेडियर १९७७मध्ये आधीच निवृत्त होऊन शाळेत शिकवत असतो. २००८मध्ये खुद्द डॉक्टरच आपण युनिटमध्ये सत्तरच्या दशकात होतो की ऐंशीच्या, असे पुटपुटून पुढे जातो.