स्रोतशाखाभ्रंश व प्रणालीची पुनःस्थापना
फ्रीबीएसडी या १९९३ पासून प्रसृत होत असलेल्या मुक्त संगणकप्रणालीच्या स्रोत-दप्तरात प्रयोगावस्थेतील ‘मेन’, स्थिरावलेली ‘स्टेबल’ आणि केवळ सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्याच दुरुस्त्या स्वीकारणारी ‘रिलेंग’ अशा शाखा असून, भंडारा वा तुमसर येथील एखाद्या कचेरीतला सर्व्हर अनवधानाने ‘मेन’वर चढवला गेल्यास परतीची वाट मजल कुठवर गेली यावर अवलंबून राहते. केवळ नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) बसला असेल तर इलाज सोपा : ‘कर्नल डॉट ओल्ड’ या नावाने आपोआप जपलेला जुना कर्नल आरंभीच्या मेनूतून निवडावा, घाईने दुसऱ्यांदा कर्नल बसवल्यास मात्र ही शिल्लकही पुसली जाऊ शकते. उर्वरित प्रणाली बदलली असल्यास हा उपाय लंगडा पडतो, कारण नवा कर्नल जुन्या प्रणालीस सहसा सांभाळून घेतो, जुना नवीस नाही. झेडएफएस या फाइलप्रणालीवर पूर्वी राखलेल्या बूट-पर्यावरणात ‘बीईसीटीएल’ या आज्ञेने परतता येते, दरम्यान उत्साहाच्या भरात ‘झेडपूल अपग्रेड’ उरकले असेल तर तेही दार बंद होण्याचा संभव असतो. जुनी शाखा नव्यावर लादण्याची खटपट बहुधा व्यर्थ. विदा व मांडणीच्या फाइलींची ‘ईटीसी’ निर्देशिका यांची नक्कल काढून नव्याने स्थापना करणेच अंती किफायतशीर.