एक नाव, तीन विषे : लिली, कळलावी आणि मृत्यूची फुले

बंगळूरुचा सर्जापूर रस्ता कोरमंगलापाशी सुरू होतो, इब्लूर ओलांडून कार्यालये आणि उंच निवासी संकुले यांच्यामधून सर्जापूर गावी पोहोचतो. तोच मार्ग पुढे बागलूरवरून तमिळनाडूतील होसूरकडे जातो. या एवढ्या अंतरात ‘लिली’ हे एकच नाव तीन वेगवेगळ्या वनस्पतींना मिळते. फुलांच्या दुकानातील पुष्पगुच्छात मोठ्या, सुगंधी, परागाने माखलेल्या पुंकेसरांची लिली असते. संकुलांच्या बागांत पांढऱ्या, लांब पाकळ्यांची स्पायडर लिली लावलेली दिसते. राज्याची सीमा ओलांडली की तमिळनाडूचे राज्यपुष्प असलेली, ज्वाळेसारखी लाल-पिवळी ‘ग्लोरी लिली’ येते. मराठीत तिचे नाव कळलावी.

तिन्ही वनस्पती विषारी आहेत, परंतु तिघींची विषे वेगळी आणि त्या विषांचे बळीही वेगळे. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, जगाने मृत्यूचे चिन्ह मानलेले फूल माणसाला फारसे अपायकारक नाही. आणि माणसाचा जीव घेऊ शकणारे फूल आपल्याकडे गौरीच्या पूजेत व बाळंतिणीच्या खोलीत वावरले. फुलाचे प्रतीक आणि फुलाचे रसायन यांचे इतिहास स्वतंत्र वाटांनी गेले. नाव मात्र एकच राहिले, आणि धोका नेमका तेथेच आहे.

◾ पांढरी लिली मृत्यूशी कशी जोडली गेली?

लिलीचे चित्रण फार जुने आहे. क्रीट बेटावरील अम्निसोस येथील भित्तिचित्रांत सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पांढऱ्या लिली आहेत. पुढे ख्रिस्ती कलेने ‘लिलियम कँडिडम’ ही पांढरी लिली मेरीच्या निष्कलंकतेचे चिन्ह म्हणून स्वीकारली. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकात रंगविलेल्या ‘अनन्सिएशन’ या चित्रात देवदूताच्या हाती हेच फूल आहे. मृत्यूनंतर आत्मा पुन्हा निष्पाप होतो, या श्रद्धेमुळे शुचितेचे हे फूल शवपेटीवरही आले. या साऱ्या प्रवासात विषाचा कोठेही संबंध नव्हता.

आधुनिक काळात या प्रतीकाला व्यापाराने बळ दिले. आज ‘ईस्टर लिली’ म्हणून ओळखली जाणारी ‘लिलियम लाँगिफ्लोरम’ ही जात मूळची जपानच्या दक्षिणेकडील बेटांची. एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडमध्ये पोहोचली, बर्म्युडा बेटावर तिची मोठी लागवड झाली, आणि रोगाने ती लागवड खालावल्यावर जपान हा प्रमुख पुरवठादार बनला. १९४१ मध्ये युद्धामुळे जपानी कंदांची आवक थांबली, तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील शेतकऱ्यांनी हा व्यवसाय हाती घेतला. युरोप-अमेरिकेतील चर्चमध्ये पुनरुत्थानाचे प्रतीक म्हणून ठेवले जाणारे फूल अशा रीतीने आशियातून आले होते.

भारतात मैदानी प्रदेशाच्या उष्णतेत खरी लिली सहज फुलत नाही. तिच्या कंदांना थंडी लागते. दक्षिण भारतातील तिची रानटी जात ‘लिलियम नीलघेरेन्स’ ही पश्चिम घाटाच्या उंच डोंगरांपुरतीच मर्यादित आहे. आपल्याकडे पांढऱ्या, सुवासिक फुलाची भूमिका बहुधा निशिगंध पार पाडतो. मूळचा मेक्सिकोचा असलेला निशिगंध लग्नाच्या हारातही असतो आणि अंत्ययात्रेतही. आणि तोही खऱ्या लिलीच्या कुळातला नाही.

◾ सहा पुंकेसरांचे नाते

इतक्या भिन्न वनस्पती एका नावाखाली का आल्या? त्याचे एक उत्तर लिनियसच्या वर्गीकरणात सापडते. १७५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात त्याने वनस्पतींची विभागणी मुख्यतः पुंकेसरांच्या संख्येवरून केली. लिलियम, ग्लोरिओसा आणि स्पायडर लिलीचे जवळचे नातलग या सर्वांच्या फुलांत सहा पुंकेसर असतात. म्हणून ते सारे एकाच वर्गात बसले. पुढे ‘लिलिएसी’ हे कूळ फुगतच गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएच्या पुराव्यावर वर्गीकरणाची नव्याने मांडणी झाली, तेव्हा हे कूळ फुटले. लिलियम लिलिएसीत राहिली. कळलावी कोल्चिकेसी कुळात गेली. स्पायडर लिली तर अमॅरिलिडेसी या, वेगळ्याच गणातील कुळाची ठरली. विज्ञानाने नाते तोडले, पण रोपवाटिकेतील पाटी बदलली नाही.

विषांचा हिशेबही या नव्या वंशावळीशी जुळतो. स्पायडर लिलीच्या कंदात लायकोरीन हे अल्कलॉइड असते. कंद खाल्ल्यास तीव्र मळमळ व उलट्या होतात. दादरच्या बाजारात ‘लिली’च्या गड्ड्या म्हणून येणाऱ्या पांढऱ्या कळ्या याच वनस्पतीच्या. तिच्या कुळानेच गॅलँटामाइन हे अल्झायमरच्या रुग्णांना दिले जाणारे औषधही दिले आहे. कळलावीत कोल्चिसीन आहे. खऱ्या लिलीतले विष मात्र आजही निश्चित ओळखता आलेले नाही.

◾ कळ लावणारी

कळलावी ही पानांच्या टोकांना असलेल्या ताणांनी आधार धरून चढणारी पावसाळी वेल. तिचा कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात ती ‘लांगली’. फुलाचा रंग ज्वाळेचा, म्हणून ‘अग्निशिखा’. मराठी नाव तिच्या उपयोगावरून पडले. प्रसूती अडली की या कंदाचा लेप स्त्रीच्या अंगाला लावण्याची रीत होती. त्याने कळा येतात, अशी समजूत होती. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली आणि वापरण्यापूर्वी कंदाचे शोधन सांगितले. म्हणजे तिचा घातक गुण परंपरेला अज्ञात नव्हता.

सतराव्या शतकात डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात कळलावी ‘मेंदोनी’ या मल्याळी नावाने येते. ग्रंथासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन या वैद्यासोबत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. १६७८ च्या पहिल्या खंडात त्यांचे निवेदन देवनागरी लिपीत छापलेले आहे.

लोकपरंपरेत या फुलाला विषापेक्षा ऋतूने अर्थ दिला. ते गौरी-गणपतीच्या सुमारास फुलते, म्हणून कोकणात ते गौरीच्या रानफुलांत येते आणि कन्नडमध्येही त्याला ‘गौरी हूवु’ म्हणतात. संगम काळातील ‘कुरिंजिप्पाट्टु’ या तमिळ काव्यातील नव्याण्णव फुलांची यादी याच ‘कांदळ’पासून सुरू होते. श्रीलंकेतील तमिळ प्रदेशात ते कार्तिगै महिन्यात बहरते. युद्धात मरण पावलेल्यांच्या स्मरणासाठी २७ नोव्हेंबरला तेथे हेच ‘कार्तिगैप्पू’ वाहिले जाते. येथे कळलावी खरोखरच मृत्यूचे फूल झाली. मात्र त्यालाही कारण तिचे विष नसून तिचा बहराचा काळ आहे.

◾ मारणारा रेणू, शिकवणारा रेणू

कोल्चिसीनचा इतिहास प्रथम युरोपातील कोल्चिकम या कळलावीच्या नातलग वनस्पतीतून पुढे सरकला. सहाव्या शतकात ट्रालेसचा अलेक्झांडर हा वैद्य तिचा कंद संधिवाताच्या एका वेदनादायी प्रकारावर, म्हणजे गाऊटवर, देत असे. १८२० मध्ये पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी तिच्यातून क्रियाशील द्रव्य वेगळे केले. त्याच वर्षी त्यांनी क्विनीनही वेगळे केले होते.

हे द्रव्य पेशीत काय करते, हे १९६७ मध्ये शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांच्या प्रयोगांतून स्पष्ट होऊ लागले. कोल्चिसीन ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे सूक्ष्म धागे याच प्रथिनाचे बनतात. धागे तयार झाले नाहीत की विभाजन अडते. विषबाधेचा क्रम त्यातून उलगडतो. ज्या ऊती सर्वांत वेगाने विभागतात, त्यांच्यावर प्रथम आघात होतो. आधी आतड्याचे अस्तर, म्हणून उलट्या व जुलाब. काही दिवसांनी अस्थिमज्जा आणि इतर अवयव. आणि जो रुग्ण वाचतो त्याचे केस गळतात. कळलावीच्या विषबाधेनंतर श्रीलंकेतील एका तरुणीचे केस अशाच रीतीने गेल्याची नोंद १९६६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आहे. या विषावर सहज उपलब्ध असे प्रतिविष नाही.

जो गुण जीव घेतो, तोच प्रयोगशाळेत उपयोगी पडला. १९३७ मध्ये ब्लेकस्लीने कोल्चिसीन वापरून वनस्पतींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करून दाखविली; पीकसुधारणेला त्यातून नवे साधन मिळाले. माणसाच्या पेशीत ४८ नव्हे तर ४६ गुणसूत्रे असतात, हे त्यियो आणि लेव्हान यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. विभाजन थांबवून गुणसूत्रे मोजण्याच्या त्यांच्या पद्धतीत कोल्चिसीन होते. २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी वनस्पती हे द्रव्य कसे घडवते त्याची जवळजवळ संपूर्ण साखळी उलगडली, आणि त्यासाठी कळलावीचाच अभ्यास केला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने अल्प मात्रेतील कोल्चिसीनला हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी मान्यता दिली.

या औषधाची एक वाट तमिळनाडूच्या शेतांतून जाते. मूलनूर, ओट्टनछत्रम, अरवकुरिची या पट्ट्यातील शेतकरी तारांच्या मांडवावर कळलावी चढवितात, फुलांचे परागीकरण हाताने करतात, आणि तिचे बी औषधनिर्मितीसाठी परदेशी जाते.

◾ घरात आलेली लिली

पुन्हा पुष्पगुच्छातल्या लिलीकडे वळावे. १९९० च्या दशकापासून पशुवैद्यकीय नियतकालिकांत एक गोष्ट सातत्याने नोंदली गेली : खरी लिली मांजराची मूत्रपिंडे निकामी करते. पान, पाकळी, अंगावर पडून चाटला गेलेला पराग, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीही पुरेसे ठरते. उपचार पहिल्या काही तासांत सुरू झाले नाहीत, तर एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडतात. कुत्र्यांत अशी इजा होत नाही. उंच इमारतींतील सदनिकांत मांजरे पाळली जातात आणि सणसमारंभाला लिलीचे गुच्छही येतात. तेथे ही माहिती जीव वाचवणारी आहे.

माणसांच्या बाबतीत धोका कंदाचा आहे. कळलावीचा कंद रताळे किंवा खाण्याजोगा कंद समजून खाल्ल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात आहेत. अशा वेळी डॉक्टरांना ‘लिली खाल्ली’ एवढेच सांगणे निरुपयोगी ठरते. स्पायडर लिलीने उलट्या होऊन माणूस बहुधा सावरतो. कळलावीनेही आरंभी उलट्याच होतात, पण खरा आघात त्यानंतर येतो. वनस्पतीचा तुकडा किंवा छायाचित्र सोबत नेले, तर पहिल्या काही तासांतच दोहोंतला भेद कळू शकतो. रोप विकत घेताना पाटीवर शास्त्रीय नाव मागण्याचे कारणही हेच आहे.

#विज्ञानाचा_इतिहास #वनस्पतीशास्त्र #कळलावी #लिली