अन्नछत्र (बुलढाणा जिल्हा)

येणाऱ्या कोणालाही विनामूल्य जेवण देणारी धर्मादाय व्यवस्था. अमेरिकेत फीनिक्स येथे १९६७ साली पहिली फूड बँक निघाली. तिथे शिधा गोळा करून वाटला जातो. बुलढाणा जिल्ह्यात मात्र भुकेल्यांचा भार प्रामुख्याने देवस्थानांच्या आणि आश्रमांच्या पंगतींनी उचलला.

शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान हे त्याचे ठळक उदाहरण. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले, ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना, अशी परंपरा आहे. शिताचे मोल असे सांगणाऱ्या संताच्या दारी अन्नदानाला अग्रस्थान मिळणे स्वाभाविकच होते. संस्थान १९०८ मध्ये, महाराजांच्या हयातीतच स्थापन झाले. महाराजांच्या आवडीचा मानला जाणारा नैवेद्य म्हणजे पिठलं-भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा आणि मिरची. वऱ्हाडातल्या शेतमजुराच्या शिदोरीत हेच असते. महाप्रसाद विनामूल्य मिळतो. गावोगावचे सेवेकरी पाळीपाळीने येऊन बिनपगारी राबतात. या सेवेला लागलेले शिस्तीचे आणि स्वच्छतेचे वळण शिवशंकरभाऊ पाटील (निधन २०२१) यांच्या संस्थानातील दीर्घ कारभारात पक्के झाले.

पंगतीचे खरे बळ असे, की बसणाऱ्याकडे कोणी शिधापत्रिका किंवा उत्पन्नाचा दाखला मागत नाही. यात्रेकरू, हमाल, घरून निघालेली एकटी म्हातारी, सारे एकाच ओळीत जेवतात. त्यांतला गरजू कोण, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. गरिबाची लाज राखणारी याहून चांगली रीत सापडणे कठीण.

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीला प्रचंड पंगत बसते. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरांतून वाढली जाते.

मात्र पंगतीपर्यंत माणसाला चालत यावे लागते. कोरडवाहू शेती बुडाली की त्या कुटुंबाला घरात धान्य हवे असते, आणि ते काम रेशन दुकानाचे. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत बुलढाणा येतो. या जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी दरमहा ५ किलो धान्य, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो दराने मिळू लागले. २०२३ मध्ये शासनाने त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये बँक खात्यात देण्याचा निर्णय घेतला.