गाडीच्या दंडाचा मेसेज आलाय? फाइल उघडण्याआधी हे वाचा

बेळगाव : सीमाभागातल्या माणसाची गाडी एका राज्यात राहत नाही. केए २२ ची दुचाकी आज चंदगडला, तर रविवारी चोर्ला घाटातून गोव्याला जाते. निपाणीकर कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरला ये-जा करतात. त्यामुळे ‘तुमच्या गाडीने नियम मोडला, दंड भरा’ असा व्हॉट्सअॅप मेसेज आला की आपल्याला तो खराच वाटतो. कुठल्या तरी कॅमेऱ्यात सापडलो असू, असं म्हणून माणूस फाइल उघडतो आणि तिथंच फसतो.

फाइलमध्ये काय असतं?

नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पावती नव्हे, फोटोही नव्हे. ते अँड्रॉइड फोनवर बसणारं ॲप असतं. इन्स्टॉल करताना ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी तुम्ही कुणाला न सांगताही भामट्याकडे जातो. पुष्कळदा तीच फाइल तुमच्या नावाने मित्रांना, ग्रुपवर जाते. म्हणून मेसेज ओळखीच्या नंबरवरून आला तरी फाइल उघडू नका, आधी त्याला फोन करून विचारा.

खरं-खोटं कसं ओळखायचं?

दंड खरंच झालाय का, हे बघायला मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका. परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा आणि गाडीचा नंबर घालून तपासा. महाराष्ट्रातल्या दंडासाठी तिथल्या वाहतूक पोलिसांचं वेगळं संकेतस्थळ आहे. दोन्ही पत्ते ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतात. पत्त्याच्या सुरुवातीला ‘परिवहन’ लिहिलंय म्हणून फसू नका; पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अगदी आधी काय आहे ते बघा. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा शेवट ठरवला असून, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती.

फाइल उघडली असेल तर

१. फोनचा डेटा आणि वायफाय लगेच बंद करा.
२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड व यूपीआय बंद करायला सांगा. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या, गुगलवर शोधू नका.
३. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा. रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोचली, तर ते तिथे रोखता येतात. इथे मिनिटामिनिटाला किंमत आहे.
४. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा.
५. मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन मगच ॲप काढा.

तक्रार कुठल्या राज्यात?

खातं कोल्हापूरचं, राहणं बेळगावात आणि पैसे गेले तिसऱ्याच राज्यात, असं इथे सहज घडतं. १९३० हा नंबर देशभर एकच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. कर्नाटकात अशा गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणी आहेत, महाराष्ट्रात सायबर पोलीस ठाणी.

बँकेला उशिरा कळवणंही महागात पडतं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं. कळवण्याआधीचं मात्र आपल्या माथी.

म्हणून लाजेखातर गप्प बसू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये १९३० आजच सेव्ह करून द्या.