चामखीळ गोठवायची की लेझरने काढायची? पैसे मोजण्याआधी हे वाचा

इटियाडोह (ता. अर्जुनी मोरगाव) : गाढवी नदीवरच्या इटियाडोह जलाशयाच्या परिसरात धानाची शेती आणि मासेमारी, दोन्ही कामे पाण्यातली. तासन्‌तास ओली राहिलेली कातडी मऊ पडते, तिला बारीक चिरा पडतात. चामखिळीचा विषाणू अशाच चिरांतून आत शिरतो. मग बोटांवर, नखांच्या कडेला किंवा तळपायाला खरखरीत गाठ येते. कोणी तिला चामखीळ म्हणते, कोणी मस.

अशी गाठ घेऊन शहरातल्या दवाखान्यात गेले की दोन उपाय सांगितले जातात : गोठवून काढणे किंवा लेझर. दोन्हींत फरक काय आणि कोणता कधी घ्यावा, त्याची ही माहिती.

आधी खात्री : ही चामखीळच आहे का?

चामखीळ एचपीव्ही या विषाणूमुळे होते. तळपायाची चामखीळ आणि भोवरी (कुरूप) यांत नेहमी गल्लत होते. ओळख अशी :

- चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात. ते रक्त गोठलेल्या सूक्ष्म वाहिन्यांचे असतात.
- चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की दुखते. भोवरी वरून सरळ दाबली की जास्त दुखते.
- कातडीच्या रेषा चामखिळीवर तुटतात, भोवरीवरून तशाच पुढे जातात.

पायाला बधिरपणा असेल किंवा अंगावर सुन्न, फिकट चट्टा असेल तर चामखिळीचा विचार बाजूला ठेवून आधी कुष्ठरोगाची तपासणी करावी. पूर्व विदर्भात हा आजार अजून आहे. त्याची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

गोठवणे म्हणजे काय?

यात द्रव नायट्रोजन वापरतात. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या धूर निघणाऱ्या टाकीत ठेवतात, त्यात हेच असते. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. डॉक्टर ते फवाऱ्याने किंवा कापसाच्या काडीने काही सेकंद चामखिळीवर लावतात. बहुतेक वेळा भुलीचे इंजेक्शन लागत नाही. झोंबते, एक-दोन दिवसांत फोड येतो, नंतर खपली धरून पडते.

एका वेळेत काम क्वचितच होते. दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जावे लागते आणि चार-सहा फेऱ्याही होतात. सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहू शकतो, कारण कातडीला रंग देणाऱ्या पेशी थंडीने सगळ्यात आधी मरतात.

टाकीतला नायट्रोजन घेऊन घरी प्रयोग कधीच करू नये. कातडीच काय, खालची नसही जाऊ शकते.

लेझर म्हणजे काय?

चामखिळीसाठी बहुधा कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. पटेल मूळचे बारामतीचे, पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले.

या किरणाने कातडीतले पाणी उकळून गाठीची वाफ होते. त्याआधी भुलीचे इंजेक्शन द्यावे लागते. गाठ बहुधा एकाच वेळेत निघते, पण मागे उघडी जखम राहते. तळपायाची जखम भरायला तीन-चार आठवडे लागू शकतात आणि व्रण राहू शकतो. निघणाऱ्या धुरात विषाणूचे अंश असतात, म्हणून धूर ओढणारे यंत्र आणि मास्क हवाच.

लेझरनंतर चामखीळ परत येणार नाही, असेही नाही. विषाणू बाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही असू शकतो.

काही ठिकाणी विजेच्या सुईने जाळतात, त्याला कॉटरी म्हणतात. ते लेझर नव्हे. पैसे देण्याआधी स्पष्ट विचारावे : ‘डॉक्टरसाहेब, हे लेझर आहे की कॉटरी?’

दोन्हींची तुलना

- फेऱ्या : गोठवण्याला अनेक, लेझरला कमी. गावाहून गोंदियाला जायचे तर प्रत्येक फेरीत भाडे आणि एक दिवसाची मजुरी जाते.
- कामाचा खाडा : गोठवल्यावर माणूस लवकर कामाला लागतो. लेझरची जखम घेऊन चिखलात उतरता येत नाही.
- खर्च : एका वेळेचा हिशेब धरला तर लेझर महाग.
- डाग : गोठवण्याने पांढरा डाग, लेझरने व्रण.

तिसरा, स्वस्त उपाय

सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे औषध मेडिकलमध्ये मिळते. कोमट पाण्यात पाय भिजवायचा, मऊ झालेली कातडी घासायची, औषध फक्त गाठीवर लावायचे. हे रोज, १२ आठवडे.

नेदरलँड्समध्ये २५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३ आठवड्यांनी हिशेब केला. हातापायांच्या साध्या चामखिळी गोठवून ४९ टक्के रुग्णांत बऱ्या झाल्या, या औषधाने १५ टक्के, आणि काहीच न करता ८ टक्के. तळपायाच्या चामखिळींत मात्र आकडे ३०, ३३ आणि २३ असे जवळपास सारखेच आले. म्हणजे हाताच्या चामखिळीला गोठवणे सरस, पण तळपायाला आधी औषध लावून पाहायला हरकत नाही. लहान मुलांच्या बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात. त्यांच्यासाठी घाई नको.

लेझर शेवटी ठेवावा : औषध आणि गोठवणे दोन्ही करूनही गाठ हटत नसेल तेव्हा. तोही रोवणीच्या तोंडावर नको. धान कापून झाल्यावर, जखम कोरडी ठेवता येईल अशा दिवसांत करावा.

हे करू नका

- बिबा, चुना किंवा बॅटरीचे अ‍ॅसिड लावू नका. बिब्याने कातडी भाजते, फोड येतात.
- घोड्याचा केस बांधणे, ब्लेडने कापणे टाळा. रक्त आणि जंतू दोन्ही पसरतात.
- साखरेचा आजार असलेल्यांनी पायावर कोणताही उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. औषध, गोठवणे, लेझर, कशानेही झालेली जखम चिघळू शकते.
- चेहरा, पापणी किंवा गुप्तांगावरची गाठ घरी हाताळू नका.

कुठे दाखवावे?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात करावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. त्वचारोगतज्ज्ञाची गरज पडली तर २०१६ साली सुरू झालेले गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्वचारोगाची ओपीडी कोणत्या दिवशी असते आणि गोठवण्याची किंवा लेझरची सोय चालू आहे का, हे आधी विचारूनच घरून निघावे. नाहीतर एक फेरी फुकट जाते.

गाठ झपाट्याने वाढत असेल, रंग बदलत असेल, रक्त येत असेल किंवा पन्नाशीनंतर नवीन आली असेल तर जाळण्या-गोठवण्याआधी तपासणी करून घ्यावी. प्रत्येक गाठ चामखीळ नसते.